कोऱ्या कार्डांचे कौतुक

गेल्या दिवाळीत आम्ही मेहकरास एका जुन्या स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटविण्यासाठी घरातील मुलाने जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आणून ठेवला. चौकशी करता कळले, की आठ दिवसांपूर्वी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन माळ्यावरची पेटी पाहून गेला होता. पेटीत तीनशेंच्या आसपास कार्डे होती. त्यांतील चित्रांची अकरा तेवढी त्याने निवडली, रोख पैसे मोजले, आणि बाकीची ‘लिहून खराब झालेली आहेत’ असे म्हणून तेथेच टाकली. घरच्या मंडळींनी त्याचे म्हणणे प्रमाण मानले. आम्ही हात पुढे केला तोवर मूठभर कार्डे जळून गेली होती. अर्धवट जळालेले एक बाहेर ओढून पाहिले, तो दिवाळीसाठी लेकीला न्यावयास भाऊ कोणत्या दिवशी निघणार हे कळविणारा मजकूर त्यावर होता. दिवाळीच्या बोलावण्यावर दिवाळीचे पाणी तापले!

ह्यात व्यापाऱ्याचा दोष थोडा आहे. गिऱ्हाईक मागेल तेच तो नेणार. दोष आहे तो गिऱ्हाइकाच्या रुचीचा, आणि तिजविषयीच आम्हांस येथे चार शब्द स्पष्टपणे लिहावयाचे आहेत. जुनी कार्डे जमविण्याचा छंद आता आपल्या शहरांत चांगलाच रूढ झाला आहे. सण आला की त्या सणाचे कार्ड काढून भिंतीवर लावावे, किंवा त्याची छबी फोनवरून शंभर ठिकाणी धाडावी, आणि सण साजरा झाला असे मानावे, ही त्याची रीत. छंदास आमचा विरोध नाही. निरर्थक छंदांच्या ह्या काळात तो पुष्कळच निर्मळ म्हणावा लागेल. आमचे भांडण आहे ते त्याच्या तराजूशी. ह्या तराजूत कोरे कार्ड सर्वांत जड, पत्त्यापुरतेच लिहिलेले त्याखालोखाल, आणि चारही समासांपर्यंत मजकुराने भरलेले सर्वांत हलके. शाई ही ह्या मंडळींच्या लेखी डाग आहे. आम्ही उलट म्हणतो, की ज्या कार्डावर कोणी कोणास काहीच लिहिले नाही ते सणाचे कार्डच नव्हे. ते सणाच्या बाजारात न खपलेला माल होय.

ह्या वस्तूचा इतिहास आमच्याच बाजूने साक्ष देतो. जगातील पहिले पोस्टकार्ड ऑस्ट्रियात १८६९ साली निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. त्यावर चित्र नव्हते. राणीच्या मुखवट्याची मुद्रा आणि लिहावयास मोकळी जागा, एवढेच त्याचे वैभव. चित्रे मागाहून आली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती मोठ्या तसबिरींप्रमाणे कार्डांवरही घरोघर पोचल्या. धुरंधरांनी मुंबईतल्या नाना तऱ्हेच्या माणसांची चित्रे कार्डांसाठी रेखाटली. पुष्कळ कार्डे तर जर्मनीत छापून येत. परंतु चित्र आले म्हणून लिहिणारा हटला नाही. आरंभी कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. ती दुभागून मजकुरास जागा देण्याची मुभा इंग्लंडातदेखील १९०२ साली मिळाली. तोवर लोकांनी काय केले? त्यांनी चित्रावरच लिहिले. आकाशात लिहिले, नदीच्या पाण्यात लिहिले, देवळाच्या पायरीवर लिहिले. आज संग्राहक ज्यास विद्रूपता म्हणतो, तो त्या काळी कार्डाचा मूळ धर्म होता.

आता आमच्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहा. नागपूरकडे जाणारी आगगाडी मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी घाटाखालून जाते. जलंबहून खामगावास फाटा गेला तो १८७० साली, कापसासाठी. जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा मात्र घाटावर, आणि आजही आगगाडीवाचून. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, लोणार ही सारी घाटावरचीच. तेव्हा मुंबई-पुण्याहून निघालेले कार्ड घाटाखालच्या स्थानकावर उतरे आणि तेथून घाट चढून वर येई. हा सारा प्रवास टपालाच्या शिक्क्यांत उमटलेला असतो. फार काय, पत्त्याची एक ओळसुद्धा बोलते. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ साली अकोला जिल्ह्यातून निघून बुलढाण्यास जोडले गेले; आधीच्या कार्डावर ‘जि. अकोला’ असते, नंतरच्यावर ‘जि. बुलढाणा’, आणि मधल्या काळातील एखाद्यावर सवयीने लिहिलेले जुने नाव खोडून नवे घातलेले असते. कोऱ्या कार्डाने हे कोठून सांगावे?

सणांचे तर विचारूच नका. आमच्या पेटीतील कार्डे मितीवार लावून ठेवली असता घाटावरच्या एका शेतकरी घराचे अवघे वर्ष डोळ्यांपुढून जाते. संक्रांतीस तिळगुळाच्या गोडव्याबरोबर जुना अबोला मिटविण्याची विनंती. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचे भाकीत सांगतात. ते ऐकून व्याह्याने पाठविलेले कार्ड, कपाशी किती आणि ज्वारी किती पेरावी ह्या विचाराचे. नागपंचमीपूर्वी मूळ धाडण्याविषयीचे, आणि लगोलग सासरहून आलेले, ‘पंचमीस जमणार नाही, पोळ्यास पाहू’ अशा आशयाचे. पोळ्याच्या कार्डात बैलजोडीतील एक बैल यंदा नाही हे सांगणारी एकच ओळ. ऋषिपंचमीस शेगावी महाराजांच्या पुण्यतिथीस येत आहोत, उतरण्याची सोय पाहावी, असे एक. खामगावच्या मोठ्या देवीचा उत्सव इतर ठिकाणचे नवरात्र आटोपल्यावर कोजागिरीस सुरू होतो, म्हणून दसरा उलटल्यावर आलेले निमंत्रण. आणि मग दिवाळीची, एकावर एक. हा सणांचा उत्सव नव्हे तर काय? रविवर्म्याची लक्ष्मी सुंदर आहे, हे आम्ही शतदा मान्य करू. परंतु त्या वर्षी चिखलीच्या एखाद्या घरात लक्ष्मीपूजनास तबकात किती रुपये होते, आणि ते कोणाकडून उसने आणले होते, हे ती बिचारी काय सांगणार!

आणखी एक गोष्ट ह्या संग्राहकांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. आपल्याकडे मृत्यूची वार्ता आणणारे पत्र घरात ठेवीत नसत. वाचले की फाडून टाकीत. त्यामुळे वऱ्हाडातील जुन्या घरांत तारेला टोचलेली किंवा पेटीत बांधलेली जी कार्डे उरली, ती बहुतांशी मंगलाचीच आहेत. दुःखाची निवड होऊन ते बाहेर गेले, सण तेवढा मागे राहिला. जे आपल्या आजी-आजोबांनी पिढ्यान् पिढ्या निवडून ठेविले, ते आम्ही ‘खराब’ म्हणून बंबात घालावे, ह्याहून मोठा कृतघ्नपणा कोणता?

यावर तीन आक्षेप घेण्यात येतात. पहिला असा, की चित्र ही कला आहे आणि मजकूर केवळ व्यवहार. ठीक, परंतु तेच चित्र हजारो प्रतींत छापले गेले, आणि व्याह्याचे कार्ड जगात एकच आहे. दुर्मिळतेवर पैसे मोजणाऱ्यांनी हा हिशेब कसा चुकवावा, ह्याचेच आम्हांस नवल वाटते. दुसरा आक्षेप असा, की सारी पत्रे एकसारखी असतात. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘येथील सर्व क्षेम’, ‘लोभ असावा’, झाले. हा आक्षेप घेणाऱ्याने पत्रे वाचलेली नाहीत, चाळली आहेत. सर्व क्षेम असल्याचे लिहून झाल्यावर, समासात, आडव्या ओळीत, जागा संपत आली असता जे लिहिलेले असते, त्यासाठीच ते कार्ड घेतलेले असते. बैलाची ती ओळ अशीच समासात होती. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुसऱ्याचे पत्र वाचू नये. ह्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच आजार, कर्ज किंवा कलह ह्यांची कार्डे चवाठ्यावर मांडण्यास आम्ही कधीही संमती देणार नाही. परंतु ज्याचे त्याने आपल्या घरात वाचण्यास कोणाची हरकत? शिवाय कार्ड हे मुळातच उघडे पत्र. पुष्कळ घरांत ते लिहीत शाळेतले मास्तर आणि वाचून दाखवीत पोस्टमन. ओटीवर चार माणसे ऐकत. मोठ्याने वाचले जाणे हाच त्याचा जन्मसिद्ध संस्कार आहे.

ज्या महाराष्ट्रात राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली, १८९८ पासून साधनांचे बावीस खंड छापून काढिले, त्या महाराष्ट्रास हे सांगावे लागावे ही शरमेची गोष्ट आहे. राजवाड्यांनी पत्रे पाहिली ती कागद कोरा आहे की नाही हे तपासण्यासाठी नव्हे. सरदारांची पत्रे इतिहास आणि शेतकऱ्यांची रद्दी, हा भेद आम्हांस मान्य नाही.

तथापि इतरांस बोल लावताना आम्ही स्वतः निर्दोष आहोत असे नाही. लहानपणी तिकिटे जमविण्याच्या नादात आम्हीही आजोबांची कितीतरी कार्डे पाण्यात भिजत घातली. वर चिकटविलेले तिकीट अलगद सुटे, आणि अक्षरे निळ्या पाण्यात विरघळून जात. ती तिकिटे आज कोठे आहेत हे आम्हांस ठाऊक नाही. त्या निळ्या पाण्यात काय होते, हेही आता कधी कळणार नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. दिवाळीपूर्वी माळा झाडताना पेटी सापडली तर तिची फोड करू नये. चित्रांची वेगळी, साधी वेगळी, असे करून विकू नये. कार्डांस चिकटपट्टी लावू नये, पाण्यात घालू नये. पाठविणारा कोण, घेणारा कोण, हे घरातील वडीलधारे हयात आहेत तोवर विचारून निराळ्या कागदावर टिपून ठेवावे, कार्डावर नव्हे. आणि ज्या सणाचे कार्ड असेल त्या सणास, नैवेद्य झाल्यावर, ते सर्वांदेखत मोठ्याने वाचावे. चित्र असल्यास मुलांनी ते अवश्य पाहावे, परंतु आधी मजकूर ऐकावा.

मेहकरच्या त्या घरात ह्या वर्षी बंबासाठी गोवऱ्या आणून ठेवतो, असे आमच्या स्नेह्यांनी कळविले आहे. कळविले ते पोस्टकार्डानेच, आणि दोन्ही समास भरून.