ओढ्यापलीकडचे शेजारी

दिवाळीत फराळाचे ताट शेजारी पोचवण्याचे काम बहुधा घरातल्या धाकट्या मंडळींकडे असते. ताटावर रुमाल घालायचा, चार पावले जायचे आणि रिकामे ताट परत येताना त्यांच्याकडची चकली तोंडात टाकायची! ज्या गावात समोरच्या घरी जाण्याचे एवढेसे काम सदतीस वर्षे कुणालाच करता आले नाही, अशा एका गावाची हकीकत यंदा वाचकांना सांगायची आहे.

गाव जर्मनीतले, नाव म्योडलारॉइट. नाव उच्चारायला जड, पण गाव अगदीच हलके. वस्ती पन्नासच्या आसपास; म्हणजे चाळीच्या एका मजल्यावर सारे गाव सुखाने मावावे. नावातले ‘रॉइट’ म्हणजे झाडे तोडून मोकळी केलेली जमीन. होफ शहराजवळच्या डोंगराळ मुलखात कुणी शेतकऱ्यांनी पूर्वी रान तोडले आणि तिथे घरे बांधली, एवढाच याचा अर्थ. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा तरी कसला, शाळकरी पोराने उडी मारून ओलांडावा असा.

या ओढ्यानेच गावाचा घात केला. १८१० साली त्याच्या काठाने हद्दीचे दगड रोवण्यात आले. अलीकडे बव्हेरियाच्या राजाचे राज्य, पलीकडे रॉइस नावाचे चिमुकले संस्थान. दगडांवर दोघांची आद्याक्षरेही कोरली. पण गावकऱ्यांनी त्या दगडांची फारशी पर्वा केली नाही. शाळा आणि गुत्ता रॉइसच्या बाजूला होता, तर प्रार्थनेला सारे गाव बव्हेरियातल्या ट्योपेन गावी जाई. मुले सकाळी राज्य ओलांडून शाळेत जात आणि बापमाणसे संध्याकाळी तेच राज्य ओलांडून बिअर प्यायला जात. पुढे राजे गेले, संस्थानिक गेले, १९२० साली पलीकडचा मुलूख थुरिंगिया प्रांतात सामील झाला. गावाचा दिनक्रम मात्र बदलला नाही. हद्द म्हणजे सारा कुठल्या कचेरीत भरायचा, एवढाच प्रश्न.

दुसरे महायुद्ध संपले आणि जेत्यांनी जर्मनीची वाटणी केली. बव्हेरिया अमेरिकेकडे, थुरिंगिया रशियाकडे. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी जुन्या प्रांतांच्या सीमाच पुढे चालवल्या आणि राजा-संस्थानिकांची ती विसरलेली रेघ एकाएकी जगाची फाळणी करणारी रेघ होऊन बसली. १९४९ साली दोन स्वतंत्र जर्मन राष्ट्रे झाली. तरीही काही काळ परवाना दाखवून पलीकडे जाता येई.

१९५२ च्या मे महिन्यात पूर्व जर्मन सरकारने हुकूम काढला. सीमेलगत दहा मीटरचा पट्टा नांगरून मोकळा ठेवायचा, पाचशे मीटरच्या आत कडक पहारा, पाच किलोमीटरच्या आत परवान्यावाचून कुणी यायचे नाही. सीमेवरच्या गावांतून ‘भरवशाची नाहीत’ अशी कुटुंबे उठवून आतल्या मुलखात पाठवण्यात आली. या मोहिमेला नाव काय दिले होते, तर ‘कीड’! पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेतात राबलेल्या माणसांना हा शब्द लावायला कारकुनाचा हात कसा धजला असेल, कोण जाणे.

म्योडलारॉइटमध्ये आधी कुंपण आले. १९६६ मध्ये त्याजागी काँक्रीटची भिंत उभी राहिली. सातशे मीटर लांब आणि सव्वातीन मीटरहून उंच. सोबत टेहळणीचे मनोरे आणि रात्रभर जळणारे दिवे. बर्लिनची भिंत जगाला ठाऊक आहे, कारण ती राजधानीत होती. ही भिंत पन्नास माणसांच्या गावात होती. अमेरिकन सैनिक गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणत.

भिंतीपेक्षाही मनाला लागते ती एक लहानशी गोष्ट. पूर्वेकडच्या लोकांना पलीकडे पाहून हात हलवायला किंवा नमस्कार करायला बंदी होती. बव्हेरियाची बाजू मोकळी असल्याने तिथले लोक खुशाल हात हलवीत. पलीकडच्याने मात्र ते दिसलेच नाही असे दाखवून आपल्या कामाला लागायचे. भाऊबंद समोर उभे आहेत, ते थकत चालले आहेत हेही दिसते आहे, आणि मान वळवून निघून जायचे! दगडाची भिंत एक वेळ शिडीने ओलांडता येते. १९७३ च्या मे महिन्यात एकाने शिडी लावून ती ओलांडलीही. न हलवलेल्या हाताला कोणती शिडी लावावी?

१९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश गाव पाहायला आले आणि ‘मीही म्योडलारॉइटकर आहे’ असे जर्मन भाषेत बोलून गेले. वीस वर्षांपूर्वी केनेडींनी बर्लिनमध्ये जे म्हटले, त्याचीच ही खेडेगावची आवृत्ती. पाहुणे गेले, भिंत राहिली.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत खुली झाली तेव्हा साऱ्या जगाने जल्लोष केला. या गावाला आणखी महिनाभर वाट पाहावी लागली. ९ डिसेंबरला भिंतीत पायी जाण्यापुरती वाट झाली आणि १७ जून १९९० ला यंत्र लावून भिंत पाडण्यात आली. शंभरेक मीटरचा तुकडा तेवढा मुद्दाम राखला असून आता तिथे संग्रहालय आहे.

आणि मौज पाहा, गाव अजूनही एक झालेले नाही! अर्धे बव्हेरियात, अर्धे थुरिंगियात. दोन नगराध्यक्ष, दोन पिनकोड, मोटारींवर दोन तऱ्हेचे क्रमांक. ओढ्यापलीकडच्या घरी टेलिफोन करायचा तर परगावचा आकडा आधी फिरवावा लागतो. बव्हेरियाच्या काठावर भेटल्यावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, म्हणजे देवाचे नाव घेतात. थुरिंगियाच्या काठावर नुसतेच ‘गुटेन टाग’. एका हाकेच्या अंतरात दोन रामराम. ते एक करावेत असे मात्र अजून कुणाला वाटलेले दिसत नाही.