शिल्लक शक्तीचा जमाखर्च

मुंबई-नागपूरच्या तपासण्या आटोपून कुटुंब वऱ्हाडात परत येते. घर अमरावतीच्या सक्करसाथेत असो वा अकोल्याच्या ताजनापेठेत, दबक्या आवाजात एकच वाक्य फिरू लागते : ‘आता बाबूजींना आराम करू द्या.’ पुढच्या खोलीत पलंग मांडला जातो. पाण्याच्या पेल्यासाठी बाबूजींनी हात पुढे केला, तरी पेला दुसराच कोणी त्यांच्या ओठांशी धरतो. हे सारे प्रेमापोटीच घडते. मात्र कालपर्यंत आधाराने न्हाणीघरापर्यंत जाणाऱ्या बाबूजींना काही आठवड्यांतच कुशीवर वळणेही जड जाते. त्यातला काही भाग आजाराचा असतो आणि काही भाग निव्वळ अंथरुणाचा. वापरात नसलेले स्नायू फार लवकर क्षीण होतात.

अंथरुणाने ओढवलेले हे परावलंबित्व जेवढे टाळता येईल तेवढे टाळणे, हे अखेरच्या काळातील पुनर्वसनोपचारांचे काम आहे. पुनर्वसन म्हटले की अपघातातून सावरलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. ज्याचा रोग बरा होणार नाही, त्याने व्यायाम कशासाठी करावा, ही शंका म्हणून स्वाभाविक आहे. डेम सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून या सेवेमागे एक विचार आहे : रुग्णाच्या वेदना शमवाव्यात आणि असेल तितके आयुष्य त्याला जगू द्यावे. भारतात १९८६ साली मुंबईच्या वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही परिहारक सेवेच्या व्याख्येत, मृत्यूपर्यंत रुग्णाला शक्य तितके क्रियाशील जगण्यास साहाय्य करणे, या गोष्टीला स्थान दिले आहे.

व्यापारी कुटुंबाला हे शास्त्र रोजमेळाच्या भाषेत सहज उमगेल. रुग्णाजवळ दिवसाची शक्ती ठरावीक असते. सकाळी उभ्याने स्नान आणि कपडे बदलण्यात ती सारी खर्ची पडली, तर दुपारी नातवाशी बोलायला काही शिल्लक राहत नाही. म्हणून उपचारक प्रथम एक प्रश्न विचारतो : ‘दिवसभरात स्वतः करावेसे वाटते, असे एक काम कोणते?’ एखादे वडील म्हणतात, उधारीच्या वह्या मुलाला एकदा नीट समजावून द्यायच्या आहेत. एखादी आजी म्हणते, सामायिकाला बसायचे आहे. मग खर्चाची मांडणी त्या उत्तराभोवती होते. स्नान खुर्चीवर बसून आणि दुसऱ्याच्या मदतीने, कपडे पुढून बंद होणारे, नित्याच्या वस्तू हाताच्या टप्प्यात, दोन कामांमध्ये विश्रांती. अकोल्याच्या उन्हाळ्यात तर हालचालीची वेळ सकाळचीच ठेवावी लागते.

सामायिकाच्या ४८ मिनिटांचेच उदाहरण घ्यावे. जमिनीवर बसणे शक्य नसेल तर पाठीला आधार देणारी खुर्ची, पायांखाली पाट, कोपरांखाली उशा. प्रारंभी १० मिनिटे, जमल्यास पुढे अधिक. दम लागत असेल तर समोरच्या टेबलावर हात टेकून किंचित पुढे झुकावे, ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडावा. चेहऱ्यावर हलका वारा घेतल्यानेही दमाची घुसमट कमी वाटते. पंख्याला ज्यांची हरकत असेल त्यांनी त्या वेळेपुरता तो टाळावा. पुढे शक्ती ओसरली की उद्दिष्टही लहान होते : केवळ कुशीवर वळून माळ हाती धरणे. असे ध्येय लहान करत नेणे हा या उपचारांचाच भाग आहे, पराभव नाही.

बाकीची कामे घरच्यांनी शिकून घेण्याजोगी आहेत. अंथरुणावरील रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, टाचा गादीपासून उचललेल्या राहतील अशी उशी ठेवावी; त्याने शय्याव्रण टळण्यास मदत होते. घास गिळताना ठसका लागत असेल तर ताठ बसवून भरवावे आणि गिळण्याच्या त्रासाचा तज्ज्ञ उपलब्ध असेल तर त्याचा सल्ला घ्यावा. चौविहाराचा नियम असेल तर तो पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावा. वेदनाशामक औषधे वेळच्या वेळी घ्यायची असतात आणि रात्रीचा डोस मनाने गाळल्यास पहाटे वेदना उसळते. दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या गोळ्या व त्वचेवर चिकटवायच्या औषधी पट्ट्याही असतात. त्यांतून कोणता मार्ग योग्य, हे डॉक्टरच ठरवू शकतात.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. कर्करोग हाडांत पसरला असेल तर चुकीच्या हालचालीने हाड मोडू शकते, म्हणून डॉक्टरांच्या संमतीविना व्यायाम सुरू करू नये. नव्याने पाठ दुखू लागली आणि पायांतील बळ गेले, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते.

वऱ्हाडाला हा विचार परका नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभारले, ते कुष्ठरुग्णांना औषधाबरोबरच हाताला काम मिळावे म्हणून. रोगी झाला तरी माणूस काही करू शकतो, हा विश्वास तेथे रुजला. तोच विश्वास अखेरच्या दिवसांतील रुग्णाबाबतही बाळगता येतो.

बहुतेक घरांत हे दिवस घरीच जातात, म्हणून उपचारकाला घरी बोलावून मुलगा, सून आणि सेवा करणाऱ्या बाईला पद्धती दाखवून घेणे सर्वांत उपयोगी. केंद्र शासनाचा परिहारक सेवेचा कार्यक्रम २०१२ पासून आहे. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय अथवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशीची सुरुवात करता येईल.

चौकशीपूर्वी मात्र घरातच करण्याजोगे एक काम आहे. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, ‘बाबूजी, आज तुम्हाला स्वतः काय करावेसे वाटते?’ उत्तर ‘पाणी माझ्या हाताने पिऊ दे’ इतकेच असेल. तेव्हा पेला त्यांच्या हाती द्यावा, कोपराला आधार द्यावा आणि घाई करू नये.