तळं दिसलं पाहिजे!



या आठवड्याचं पत्र जुन्नरहून आलंय. आपला हा दोस्त दहावी झाला, आयटीआयमध्ये वेल्डरच्या ट्रेडला त्याचा नंबर लागला. काकांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. तिथं दुधाचे कॅन आणि शिड्या दुरुस्तीला येतात, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग शिकायचंय. (आजी ज्याला ‘जर्मनचं पातेलं’ म्हणते ना, तेच हे ॲल्युमिनियम!) तो विचारतो, ‘काकांची हँड शील्ड चालेल का? की हेल्मेट घेऊ? आणि घेतलं तर कोणतं?’

हँड शील्ड नाही चालणार, बरं का. कारण हात दोनच असतात! साध्या वेल्डिंगला एका हातात होल्डर आणि दुसऱ्या हातात शील्ड, असं भागतं. आर्गनला, म्हणजे पुस्तकात ज्याला ‘टिग’ म्हणतात त्याला, एका हातात टॉर्च लागतो आणि दुसऱ्या हातात भरायची तार. शिवाय बऱ्याच मशीनना पायाखाली पेडल. शील्ड धरायला उरलं कोण?

म्हणजे डोक्यावर बसणारं हेल्मेट हवं. त्यात जुना प्रकार म्हणजे कायम काळी काच. मान झटकली की हेल्मेट खाली येतं आणि ठिणगी पडेपर्यंत सगळा अंधार. इथंच शिकाऊ मुलाचा घोटाळा होतो. टॉर्चमधली टंगस्टनची सुई कामापासून दोन-तीन मिलिमीटरवर धरायची असते. मान झटकली की हात हलतो, सुई ॲल्युमिनियमला टेकते, तिच्या टोकाला ॲल्युमिनियम चिकटतं आणि आर्क भरकटतो. मग सुई काढा, ग्राइंडरवर घासा, पुन्हा बसवा. मुरलेला कारागीर हे सांभाळतो. नवशिक्याचा अर्धा दिवस मात्र घासण्यातच जातो. म्हणून सुरुवातीला आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्यावं, असं माझं मत आहे.

हे आपोआप होतं कसं? कॅल्क्युलेटरवरचे आकडे ज्या द्रव-स्फटिकांनी दिसतात, त्याच जातीचे थर या काचेत असतात. समोरच्या सेन्सरला आर्क दिसला की साधारण एका सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात काच काळी होते. पापणी लवायला याच्या हजारोपट वेळ लागतो.

‘पण तेवढ्या वेळात घातक किरण आत गेले तर?’ शंका रास्त आहे. उत्तर समजायला खोडदला जाऊ या. नारायणगावजवळची ती प्रचंड रेडिओ दुर्बीण ऐकून माहीत असेलच. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून त्या साकारल्या. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तर स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीचा आहे. जाळीतून वारा जातो, ऊन जातं, पण २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब रेडिओलहरींना तीच जाळी भिंतीसारखी वाटते. एकच वस्तू एका लहरीला दार उघडते आणि दुसरीला बंद करते. हेल्मेटच्या काचेवरही अशीच गाळणी असते. अतिनील आणि अवरक्त किरणांना ती कायम अडवते. काच उजळ असो, काळी असो, अगदी बॅटरी संपलेली असो! काळं-उजळ होणारा थर फक्त दिसणाऱ्या प्रकाशाचं काम बघतो. अर्थात ही गाळणी अस्सल काचेतच असते. म्हणून काचेवर मानकाचा छाप बघायचा, उदाहरणार्थ ‘ईएन ३७९’. छापच नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलो, पुढं चालू लागायचं.

आता मुख्य गोष्ट. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला आधीच इशारा देतं. ॲल्युमिनियम असलं काही करत नाही. रंग न बदलता ६६० अंश सेल्सिअसला ते एकदम वितळतं. त्यातून त्याच्या अंगावर ऑक्साइडची पातळ साय असते, ती वितळायला दोन हजार अंशांच्याही वर तापमान लागतं. म्हणून इथं एसी करंट वापरतात. एका अर्ध्या आवर्तनात साय फुटते, दुसऱ्यात धातू तापतो. साय फुटली की खाली आरशासारखं चमकणारं छोटं तळं दिसतं. ते दिसलं की तार लावायची. उशीर झाला तर भोक! सगळी विद्या या तळ्यावर नजर ठेवण्यात आहे.

म्हणूनच ‘जास्त काळी काच म्हणजे जास्त चांगली’ हे खरं नाही. फार काळ्या काचेतून नुसता आर्कचा तारा दिसतो, तळं दिसत नाही. मग मुलं नाक खुपसून बघायला लागतात. शंभर अँपिअरच्या आसपास १० ते १२ मधला एखादा नंबर जमतो. १२ वरून सुरुवात करा, तळ्याची कड स्पष्ट दिसेपर्यंत एकेक नंबर उतरा आणि तिथं थांबा. ८ च्या खाली मात्र या कामात कधीही जायचं नाही.

काचेवर १/१/१/२ असे चार आकडेही छापलेले असतात. ते स्पष्टपणाचे गुण आहेत. आणि गंमत म्हणजे इथं १ हा पहिला नंबर, ३ शेवटचा!

पैसे घालायचे ते सेन्सरवर. आर्गनचा आर्क लहान आणि शांत असतो. स्वस्त हेल्मेटला दोनच सेन्सर असतात. टॉर्च किंवा हात आडवा आला की काच मध्येच उजळते आणि डोळे दिपतात. चार सेन्सरचं बघा. ‘किमान किती अँपिअरच्या टिगला चालतं’ हे माहितीपत्रकात वाचा. ५ लिहिलं असेल तर उत्तम. दुकानात हेल्मेट डोक्यावर न घालता हातात धरून उन्हाकडे करा. काच काळी व्हायला हवी. पण एवढ्यानं सेन्सर जिवंत आहे इतकंच कळतं, आर्गनला चालेल की नाही ते नाही कळत. बाहेरची साधी काच सुटी मिळते का, हेही विचारून ठेवा. ती लवकर ओरखडते. आणि कवटीच्या चित्राचे जास्त पैसे देऊ नका!

एक मात्र लक्षात ठेवा. चकचकीत ॲल्युमिनियम किरण परतवतं. ते हनुवटीखालून, मागून आत शिरतात. कॉलरचं बटण लावा, बाह्या सुती आणि पूर्ण ठेवा. रस्त्यावरून बघणाऱ्या छोट्यांसाठी पडदा लावा. डोळे भाजले तर लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याचे काप ठेवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

पत्रात शेवटी विचारलंय, ‘ग्राइंड’ लिहिलेलं बटण कशासाठी? त्यावर काच उजळच राहते, म्हणजे हेल्मेट न काढता सुई घासता येते. घासून परत आलात की आधी ते बटण पूर्वीच्या जागी आणा, मगच पेडलवर पाय ठेवा.