ॲप आमचे, कोड मात्र कंपनीचा?

कोडिंग न येणाऱ्यालाही ॲप बनवता येईल, असे 'बबल' सांगत आली. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही कंपनी. छोट्या उद्योजकांनी विश्वास टाकला, धंदे उभे केले. २०२१ मध्ये तिला १० कोटी डॉलर भांडवल मिळाले, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिने दर आकारायची रीतच बदलली. ॲपने सर्व्हरवर केलेल्या कामाचे 'वर्कलोड युनिट' मोजायचे. शोध घेतला, युनिट. नोंद बदलली, युनिट. वापरकर्ते खवळले, तेव्हा कोटा वाढवला, जुन्यांना मुदत दिली. मोजणी मात्र कायम राहिली.

काही मित्र विचारतात, सर्व्हर फुकट चालतो का? नाही चालत. भाडे घ्या, आमची तक्रार नाही. पण भाडे परवडत नाही म्हणून निघायचे, तर ॲपचा कोड सोबत नेताच येत नाही. डेटा न्या, बाकी सगळे इथेच ठेवा! दुसरीकडे पुन्हा पायापासून बांधा. आणि हा फास कुणाला? ज्याला प्रोग्रामर परवडत नाही, त्यालाच. (पैसेवाला कोड लिहून घेतो नि मोकळा होतो.) याला तंत्रज्ञानाचे लोकशाहीकरण म्हणायला आम्ही तयार नाही. कोड बाहेर नेण्याचा हक्क आधी करारात लिहून द्या, दराचे मग बोलू.