लेकराचं क्राफ्ट, आईबापाची डेडलाइन

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाच विषयावर चर्चा असते. रिलीज नाही, अप्रेजल नाही, पगारवाढ तर नाहीच नाही. विषय असा, की "तुमच्या शाळेनं काय मागवलंय?" कुणाला स्नोमॅन, कुणाला रेनडिअर, कुणाला घंटा. पूर्वी हे सगळं थर्माकोलचं असायचं. २०१८ साली महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून फोमशीट. साहित्य बदललं, पण करणारे हात तेच. आईचे नाहीतर बापाचे. आणि ज्याच्या नावानं हे सगळं चाललंय ते लेकरू शेजारच्या खोलीत गाढ झोपलेलं.

हा रोग पुण्या-मुंबईचा, असं कुणी म्हणेल. नाही हो. आमचं गाव उमरगा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की नळदुर्ग, जळकोट, येणेगूर सोडून पुढे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या बातम्यांत किल्लारीच्या जोडीनं ज्याचं नाव येत होतं तोच हा तालुका. माझी बहीण तिथंच असते. तिचा मुलगा चार वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. मागच्या डिसेंबरात रात्री साडेआठला तिच्या फोनवर शाळेचा मेसेज : उद्या सकाळी ख्रिसमस ट्री, पालकांच्या मदतीने, सुबक असावा.

"सुबक" हा शब्द लक्षात ठेवा.

बहीण दिवसभर नोकरी करून आलेली. भाऊजी गाडी काढून बाजारात. दुकान बंद होता होता एक किट मिळालं. हिरवी फोमशीट आधीच कापलेली, मागे गोंद लावलेल्या चांदण्या, एक लाल टोपी. कापूस औषधाच्या दुकानातून. साडेअकराला झाड तयार. सकाळी वर्गात एका ओळीत वीस-पंचवीस झाडं, सगळी त्याच किटमधली. बहिणीनं विचारलं, "बाळा, आपलं कुठलं रे?" त्याला सांगता येईना. कसं येणार? त्यानं ते झाड आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

त्या शाळेशी माझं काही भांडण नाही, आणि तिथल्या बाईंशी तर अजिबात नाही. त्यांनाही वरून फोटो मागितले जातात. माझं भांडण या पद्धतीशी आहे. चार वर्षांच्या मुलाचं काम दुसऱ्यानं करायचं, आणि त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवून जमा करायचं. आपल्या धंद्यात एकाच्या नावावर दुसरा मुलाखत देतो तेव्हा त्याला आपण प्रॉक्सी म्हणतो, आणि सापडला तर हाकलून देतो. इथं मात्र त्याला "पालकांचा सहभाग" म्हणतात आणि वर स्टार मिळतो!

बरं, यातून मूल काय शिकतं? दोन गोष्टी नक्की शिकतं. पहिली, तुझ्या हातचं चांगलं नसतं, चांगलं मोठ्यांच्या हातचं असतं. दुसरी, वस्तू "करायची" नसते, आणायची असते. चार वर्षांचं मूल कात्रीनं सरळ रेषेवर जेमतेम कापतं, गोलाई आणि कोपरे जमायला आणखी वेळ लागतो. म्हणजे "सुबक" ही अट घातली त्याच क्षणी तुम्ही मुलाला त्या कामातून काढून टाकलं. राहिला फक्त आईबापांचा आपापसातला सामना.

आता डिसेंबरातला दुसरा पक्ष. व्हॉट्सअॅपवर दरवर्षी ठरलेला फॉरवर्ड येतो : आपले सण सोडून हे परक्यांचे कशाला? आमच्या उमरग्याच्या ग्रुपवरही येतो. या मंडळींना वाटेल मी त्यांच्या बाजूचा. अजिबात नाही.

नाताळ मराठीला नवा नाही. हा शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन इथं इतका मुरला की तो परका आहे हे सांगावं लागतं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, तेही ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे येशूची गोष्ट सांगायला कीर्तन उचललं. वसईत नाताळच्या आधी पोरं गवत, माती, बांबू घेऊन गव्हाणीचा देखावा करतात. गोव्यात कामट्या आणि रंगीत कागदाच्या चांदण्या घरांवर लागतात. या लोकांनी सण आपल्या मातीत, आपल्या भाषेत आणि आपल्या हातांनी केला.

आणि आपण "फॉरवर्ड" विचारांचे लोक काय करतो? उमरग्यातल्या लेकराला कापसाचा बर्फ चिकटवायला सांगतो. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यात डांबर वितळतं, तिथं स्नोमॅन! मूळ गोष्टीत तर गव्हाण आहे, जनावरं आहेत, मेंढपाळ आहेत, रात्री प्रवासात जागा न मिळालेलं कुटुंब आहे. यातली कोणती गोष्ट उमरग्याच्या पोराला समजावून सांगावी लागेल? गोठा त्यानं पाहिलेला आहे. मेंढरं घेऊन जाणारे धनगर त्यानं पाहिलेले आहेत. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसनं पहिला गव्हाणीचा देखावा केला अशी परंपरा आहे. त्यानं खरं गवत आणि खरे बैल-गाढव आणले होते, म्हणजे जे गावात होतं तेच. आपण मात्र गोठा सोडला आणि बर्फ घेतला. कारण गोठ्याचं किट मिळत नाही, बर्फाचं मिळतं. चीनमधल्या यीवू नावाच्या एका शहरातून जगभरच्या नाताळ सजावटीचा फार मोठा वाटा येतो. तिथं जे निघतं ते हिंजवडीलाही येतं आणि उमरग्यालाही. त्यामुळे सणाला विरोध करणारे चुकीच्या माणसाशी भांडताहेत. तुमच्या संस्कृतीवर आक्रमण झालंच असेल, तर ते येशूनं केलेलं नाही, तयार किटनं केलंय. आणि तेच किट दिवाळीतही आहे की! रेडीमेड किल्ला, प्लास्टरचे मावळे, घडी घातलेला आकाशकंदील. तेव्हा कुठं जातो फॉरवर्ड?

शाळेत हस्तकला नकोच, असंही मला म्हणायचं नाही. उलट, हवीच. नाताळच्या चांदण्यांत एक प्रसिद्ध चांदणी आहे, खूप टोकांची, मोरावियन चांदणी म्हणतात तिला. ती कुठून आली माहितीये? १८३०च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या एका शाळेत भूमितीचा धडा म्हणून मुलांकडून करून घेतली गेली. आधी धडा होता, सण आणि दुकान नंतर आलं. मुलांनी कागदाचे शंकू केले, ते कसे बसतात ते पाहिलं, भूमिती हाताला कळली. आपण उलटं केलंय : आधी दुकान, मग सण, आणि धडा गायबच.

आणि हात चालवायला शिकवण्यात आपण गरीब होतो का? १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभाच हाताचं काम हा होता. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टेल्कोत नोकरी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच. ते सायकलची व्हॉल्व ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या घेऊन खेळणी करायला लागले आणि पुढे पुण्यात आयुकामध्ये बसून हजारो मुलांना ती शिकवली. २०१८ साली पद्मश्री. त्यांची पुस्तकं, व्हिडिओ फुकट आहेत, मराठीतही आहेत. ओपन सोर्स म्हणून आपण उठता-बसता ज्याचं कौतुक करतो ना, ते हे. आणि फार लांब कशाला, आमच्या भागात ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करणारी पोरं होती. चिपाडाचं साल काढायचं, आतला भुसभुशीत गाभा तोडायचा, सालाचे टोकदार तुकडे गाभ्यात खुपसायचे. झाली गाडी. गोंद नाही, कात्री नाही, पैसे नाहीत. दुपारपर्यंत मोडायची, मग दुसरी करायची. त्या गाडीला कुणी "सुबक" म्हणत नव्हतं, आणि ती करायला कुणाचा बापही येत नव्हता.

आता आक्षेप. मला ठाऊक आहेत, कारण मी हे कँटीनमध्ये बोललो की ठरलेले येतात.

"अरे, एवढं काय मनावर घेतोस, गंमत असते." गंमत कुणाची? रात्री साडेअकराला फोमशीट चिकटवणाऱ्या बाईला विचारा. की झोपलेल्या मुलाची?

"आम्हाला वेळ नाही, दोघंही नोकरी करतो." अगदी मान्य. पण किटच्या पायी गेलेली रात्र पण वेळच होता की. मुलाला अर्धा तास आणि पसारा दिला तर तुमचं काम कमी होतं, वाढत नाही. फक्त निकाल वाकडा येतो.

"बाकीच्यांचं छान असतं, आपल्याच पोराचं वाईट दिसेल, त्याला वाईट वाटेल." हा एकच आक्षेप मला खरा वाटतो. पंचवीस चकाचक झाडांत एक गोंद गळणारं झाड ठेवायला धीर लागतो, आणि तो धीर चार वर्षांच्या पोराकडून मागणं बरोबर नाही. म्हणूनच हा प्रश्न एकेका घरानं सुटणार नाही. वर्गातल्या पाच-सात पालकांनी मिळून शाळेत जायला हवं आणि सरळ सांगायला हवं : क्राफ्ट वर्गातच करून घ्या, घरी पाठवू नका. बक्षीस देऊ नका. आणि रात्रीचे मेसेज बंद. फी आपण भरतो, एवढं बोलायचा हक्क नक्कीच आहे. बाईंनाही मनातून हेच हवं असतं, विचारून बघा.

आणि घरी करायचंच असेल, सण साजरा करता म्हणून किंवा नुसतंच डिसेंबरच्या सुट्टीत हौस म्हणून, तर चांदणी करा. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणा. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. दोन्हींची टोकं एकमेकांना दोऱ्यानं बांधायची, आणि आत जिथं कामट्या एकमेकींना छेदतात तिथं बोटभर लांबीच्या पाच काड्या मध्ये आडव्या सरकवायच्या. पोट फुगतं, चांदणी उभी राहते. एकूण पंधरा काड्या. हे काम तुमचं, कारण कामटीची कुसळं हातात जातात. पुढचं सगळं लेकराचं : पतंगी कागद, खळ, झिरमिळ्या. खळ घरीच शिजवा, मैदा आणि पाणी. जुने लोक त्यात मोरचूद घालायचे, तुम्ही घालू नका. ते विषारी असतं, आणि लेकरं बोटं चाटतात.

कागद सुरकुतणार. रंगांचा मेळ बसणार नाही. एका बाजूला दोन थर होतील आणि दुसरीकडे भोक राहील. तुमचे हात शिवशिवतील, आपल्याला दुसऱ्याचा कोड दुरुस्त करायची सवयच आहे ना :-) तेव्हा हात मागे बांधून बसा. भोक राहिलं तर राहू द्या, त्यातून उजेड जास्त येतो. आणि शाळेनं "सुबक" लिहून पाठवलं, तर त्याच मेसेजखाली उत्तर लिहा, सगळ्या पालकांना दिसेल असं : आमच्या मुलानं केलंय, जसं झालंय तसं पाठवतो आहोत.

एका वर्गात पाच जणांनी असं लिहिलं की पुढच्या डिसेंबरात तो शब्द येणार नाही. बघा करून.