साखरेचा हिशेब आणि मजुरीचा हिशेब

मधुमेह आटोक्यात नसलेल्या गरीब रुग्णाला दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘तुम्ही पथ्य पाळत नाही.’ परंतु ज्याची साखर दोन-तीन महिन्यांतून एकदा तपासली जाते, त्याने मधल्या दिवसांत इन्सुलिनची मात्रा कशाच्या आधारे ठरवावी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

ज्ञानाचा अभाव हे याचे कारण खचितच नव्हे. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवर एक मोठी चाचणी झाली. ज्यांनी दिवसातून चारदा स्वतः साखर तपासून त्यानुसार इन्सुलिन घेतले, त्यांच्यात डोळ्यांचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

मग अडते कोठे? अडते ते पट्टीपाशी. यंत्र एकदाच घ्यावे लागते. पट्टी मात्र दर तपासणीला नवी, आणि तीही बहुधा त्याच कंपनीची. यंत्र हे आमिष, नफा पट्टीत! पट्टीला २० रुपये धरले तरी चार पट्ट्यांचे ८० रुपये होतात. महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. मजुरीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग नुसत्या मोजणीत घालवावा लागणाऱ्याला पथ्याचे प्रवचन देणे ही क्रूर थट्टा आहे.

सरकारने २०२१ साली यंत्रावरील व्यापारी नफ्याला मर्यादा घातली, २०२५ साली करही कमी केला. परंतु करातील सवलत विकत घेऊ शकणाऱ्यालाच पोहोचते.

‘देशातल्या दहा कोटी मधुमेहींना पट्ट्या कशा पुरवणार?’ असा कांगावा केला जातो. तशी मागणीच नाही. केवळ गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना रोजच्या तपासणीचा फारसा लाभ होत नाही, असे संशोधनच सांगते. मागणी आहे ती इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणि मधुमेही गर्भवतींसाठी : प्राथमिक आरोग्य केंद्रातून इन्सुलिनसोबत पट्ट्या मोफत मिळाव्यात, आणि आकडा पाहून मात्रा कशी बदलावी हे शिकविणारा माणूस तेथे असावा. त्याशिवाय नुसता आकडा निरुपयोगी आहे.

इन्सुलिनच्या संशोधकांनी १९२३ साली आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. त्या औषधाची मात्रा ठरविण्याचे साधन आज ऐपतीवर विकले जात आहे. कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांत आरोग्य केंद्रांच्या दारी हा सवाल उभा केला पाहिजे. दृष्टी गेल्यावर मिळणारी सहानुभूती रुग्णाला नको आहे. त्याला वेळेवर पट्टी हवी आहे.