कडुनिंब जिंकला, कोठार मात्र हरले!

१० मे २००० रोजी युरोपीय पेटंट कार्यालयाने एक पेटंट रद्द केले. डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी निंबोळी तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर मालकी सांगितली होती. ज्या देशात कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे घरोघरच्या आजीला ठाऊक, त्याच्या ज्ञानावर घातलेला हा दरोडाच होता. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उधळला. ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले गेले.

या विजयाचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो मिळाला कशामुळे? केवळ प्राचीनतेच्या घोषणांनी नव्हे. १९८५ व १९८६ साली पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतांवर झालेल्या चाचण्यांची एका भारतीय उद्योजकाने दिलेली साक्ष २००० च्या निर्णयात मोलाची ठरली. परंपरेला प्रयोगाची जोड मिळाली, तेव्हा परकीय न्यायासनही नमले.

हा धडा देशाने गिरवला काय? १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. बळी पडले ते मुख्यतः गरीब वनवासी. या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालते आणि शिजवूनही पुरते नष्ट होत नाही. म्हणजे बुरशी लागूच न देणे, हाच खरा उपाय.

लवंगेतील युजेनॉल, गवती चहाचे तेल आणि निंबोळी अर्क या बुरशीची वाढ रोखतात, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे. परंतु काचेच्या बशीतले यश गोदामात उतरणार कसे? क्विंटलला मात्रा किती? उडून जाणारे तेल टिकवायचे कसे? धान्याला वास लागला तर ग्राहक ते घेईल काय? या प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोहोचवण्याचे दायित्व कोणाचे? २०१५ मध्ये देशी युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे करण्याची धडाडी सरकारने दाखवली. तीच धडाडी कोठारासाठी का नाही?

देशी ते सारे मागास मानणारे पंडित या उपेक्षेचे अपराधी आहेतच. पण मूठभर पाल्याने सर्व भागते, असे सांगणारे स्वदेशीचे भाबडे भक्तही निर्दोष नाहीत. पाला किडीला आवर घालतो; ओल्या धान्यावरची बुरशी त्याने थांबत नाही. आधी कडक वाळवण, कोरडी साठवण आणि मग परीक्षित अर्क, हाच क्रम हवा.

कडुनिंब भारताचा, हे युरोपात सिद्ध झाले. तो भारताच्या उपयोगी पडतो, हे मात्र भारतालाच सिद्ध करावे लागेल!